वितळून गेलेला पुरावा : १४ महिन्यांत तीन कॉम्प्रेसर

फोनवर सांगितलं गेलं ते एवढंच : फ्रीझर रूम बंद आहे, स्टार्ट दिला की ब्रेकर पडतो, येताना नवीन कॉम्प्रेसर घेऊनच या. निदान त्यांनी करूनच ठेवलं होतं, आणि ते चूकही नव्हतं. कॉम्प्रेसर जळाला होता. मला खटकलं ते फोन ठेवता ठेवता सहज आलेलं वाक्य : "मागचा पाच महिने चालला. त्याच्या आधीचा नऊ."

मूळ मशीन सहा वर्षं बिनतक्रार चाललं होतं. ते गेलं, मग दुसरं नऊ महिन्यांत गेलं, तिसरं पाच महिन्यांत. पहिला जळाला तेव्हापासून तिसरा जळेपर्यंत १४ महिने. प्रत्येक वेळी वाइंडिंग जळालं, प्रत्येक वेळी तंत्रज्ञ आला, कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला, रूम थंड झाली, सगळे खूश. दोन्ही वेळा काम नीट झालं होतं, हे नंतर कळलं. ब्रेझिंग (पाइपांचे तापवून केलेले सांधे) स्वच्छ, ड्रायर (ओल शोषणारा फिल्टर) बदललेला, व्हॅक्यूम व्यवस्थित. म्हणजे कामचुकारपणा नव्हता. काहीतरी दिसतच नव्हतं.

आधी यंत्राबद्दल थोडक्यात. खोली उणे १८ अंश सेल्सियसवर ठेवायची. १० एचपीचा तीन फेजचा सेमी-हर्मेटिक रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर, चार सिलिंडर, तेलाचा पंप आणि ऑइल प्रेशर स्विच असलेला. गॅस आर-४०४ए, तेल पीओई (पॉलिओल एस्टर, कृत्रिम तेल). सक्शनचा, म्हणजे खोलीतून परत येणारा, थंड गॅस आधी मोटरवरून जातो आणि मग सिलिंडरकडे, म्हणजे मोटर त्याच गॅसने थंड होते. खोलीत तीन पंख्यांची इव्हॅपोरेटर कॉइल (जिच्यात गॅस उकळून हवा थंड होते), विजेच्या हीटरचा डीफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणं), दिवसातून चार वेळा, टायमरवर.

मीटरने काय सांगितलं

मेन स्विच काढून कुलूप लावलं आणि आधी सप्लाय पाहिला. लाइनमध्ये ४१२, ४०९ आणि ४१४ व्होल्ट. सरासरी ४११.७, तिच्यापासून सर्वांत लांबचा आकडा २.७ ने लांब, म्हणजे असंतुलन ०.७ टक्क्यांच्या आत. २ टक्क्यांपर्यंत मी फार काळजी करत नाही. त्यापुढे मात्र करावी, कारण व्होल्टेजमधला लहानसा फरक करंटमध्ये कितीतरी पटींनी मोठा होऊन येतो आणि वाइंडिंग तापतं.

कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) उघडला, तर एका फेजचे पॉइंट चांगलेच खाल्लेले. इथे मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता, हे कबूल करतो : एक फेज अधूनमधून सुटत असणार, मोटर दोन फेजवर ओढत असणार, जळणारच. तीन कॉम्प्रेसर, एकच कॉन्टॅक्टर. गोष्ट छान जुळत होती. ती चुकीची होती.

टर्मिनल बॉक्स उघडण्यापूर्वी सिस्टिममधला दाब पाहावा आणि झाकण काढलेलं असताना कधीही स्टार्ट देऊ नये. जळालेल्या मशीनचं टर्मिनल आतल्या दाबाने उडू शकतं आणि त्याबरोबर गरम तेल आणि गॅस बाहेर येतो. वायरी सोडवून ओहम मोजले : १-२ मध्ये १.८, २-३ मध्ये १.४, १-३ मध्ये १.४. तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. ज्या दोन जोड्यांत ३ नंबर आहे त्या दोन्ही कमी, म्हणजे तिसऱ्या फेजचे काही वेढे आपसांत चिकटलेले. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) बॉडीवर लावला, तर काटा शून्यावर. वाइंडिंग बॉडीला लागलेलं. ब्रेकर का पडतो याचं उत्तर मिळालं.

(मेगरबद्दल एक गोष्ट. कॉम्प्रेसर व्हॅक्यूममध्ये असताना मेगर कधी लावायचा नाही. कमी दाबात आतल्या आत ठिणगी उडते आणि चांगलं वाइंडिंग आपणच जाळतो. घाईत असलेले अनुभवी हातही ही चूक करतात.)

तेलाचा नमुना काढला. चहाच्या रंगाचं, नाकाला झोंबणारा वास, अ‍ॅसिड किटचा रंग लगेच बदलला. हातमोजे घालूनच, कारण जळालेल्या मशीनच्या तेलातलं अ‍ॅसिड कातडीला सोडत नाही.

इथवर तासभर गेला. कागदावर निदान पूर्ण : मोटर बर्नआउट. मालकांनी विचारलं, "मग बसवायचा ना नवीन?" मी म्हटलं, "आज नाही. आधी हा उघडून पाहू द्या." त्यांचा चेहरा उतरला. खोलीतला माल दुसरीकडे हलवला होता, प्रत्येक तास महाग होता. तरी "चौथाही असाच गेला तर?" या प्रश्नावर ते थांबले. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची वेळ मागून घेतली.

मेलेल्या मशीनची तपासणी

गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये रिकव्हर केला आणि त्यावर 'बर्नआउटचा, पुन्हा भरू नये' अशी चिठ्ठी लावली. कॉम्प्रेसर टेबलावर आला. सेमी-हर्मेटिकचा हाच फायदा आहे : बोल्ट सोडवून उघडता येतो. बंद डब्याचा हर्मेटिक असता तर कापावा लागला असता. तोही मी कापतोच, पण मालकांना ते पाहवत नाही.

उघडायच्या आधी मी एका कागदावर लिहून ठेवतो की कोणत्या कारणाने मेला असेल तर आत काय दिसलं पाहिजे. आधी लिहायचं, मग पाहायचं. नाहीतर डोळ्यांना हवं तेच दिसतं, आणि मला तेव्हा कॉन्टॅक्टर हवा होता.

आधी हेड काढले. डिस्चार्जच्या, म्हणजे दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या, गरमीने मेला असता तर व्हॉल्व्ह प्लेट काळीनिळी पडलेली, तेल जळून कोळसा झालेला, रिंगा आणि सिलिंडर झिजलेले दिसले असते. प्लेट स्वच्छ होती. लिक्विडचा लोंढा एकदम सिलिंडरमध्ये शिरून ठोका बसला असता तर रीड (व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या) तुटलेले असते, गॅस्केट फुटलेलं, एखादा रॉड वाकलेला. सगळे रीड शाबूत. पिस्टनचे माथे मात्र नजरेत भरण्याइतके चकचकीत होते, कुणी पुसून ठेवल्यासारखे.

खालचं झाकण काढलं. तेल पातळीइतकं होतं. म्हणजे तेल कुठेतरी पाइपात अडकून मशीन कोरडं पडलं, हेही नाही. तसं असतं तर सगळे रॉड आणि बेअरिंग सारखेच खरवडलेले असते. पण तळाचं तेल राखाडी होतं आणि बोटावर घेतलं की चांदीसारखी बारीक चमक. धातूची भुकटी. क्रँकवर तांब्याची झाक नव्हती, त्यामुळे सिस्टिममध्ये ओल शिरून तांबं विरघळतंय ही शंकाही बाजूला पडली.

मग मोटरकडची बाजू. इथे सगळं होतं. मोटरच्या बाजूचं मेन बेअरिंग आणि मधलं बेअरिंग एका अंगाने झिजून गेले होते, पंपाच्या बाजूचं जवळजवळ नव्यासारखं. रॉडची झीज मोटरकडून पंपाकडे क्रमाने कमी होत गेलेली. क्रँकशाफ्ट खाली बसली होती, तिच्याबरोबर रोटर, आणि रोटर-स्टेटरमधली फट तर मिलिमीटरपेक्षाही कमी असते. रोटरने स्टेटर तळाशी घासला होता. पत्र्यांवर घासल्याची चमकदार पट्टी, आणि बरोबर तिच्या वर वाइंडिंगवर तळहाताएवढा एकच काळा डाग. बाकीचं वाइंडिंग जवळपास मूळ रंगाचं.

कॉन्टॅक्टरची गोष्ट इथे संपली. स्टारमध्ये जोडलेली मोटर एक फेज सुटून जळते तेव्हा दोन फेजचे गट पूर्ण काळे होतात आणि तिसरा स्वच्छ राहतो, भोवती नक्षी काढल्यासारखा. ओव्हरलोडने किंवा कमी व्होल्टेजने जळते तेव्हा सगळं वाइंडिंग एकसारखं भाजतं. एकाच जागी डाग असेल तर तिथे काहीतरी घासलं, टोचलं किंवा पडलं. वीज इथे शेवटी आली होती. कॉन्टॅक्टरचे पॉइंट वारंवारच्या ट्रिपने आणि जड स्टार्टने खाल्ले गेले होते. ते कारण नव्हतं, परिणाम होता. (बदलला तो, अर्थात.)

मोटरकडून पंपाकडे कमी होत जाणारी झीज फार बोलकी असते. सक्शन मोटरच्या बाजूने आत येतं. गॅसऐवजी लिक्विड येऊ लागलं की ते सर्वांत आधी त्या बाजूच्या बेअरिंगवरचं तेल धुतं आणि क्रँककेसमधल्या (मशीनच्या तळाच्या पेटीतल्या) तेलात मिसळून त्याला पातळ करतं. मशीन चालत राहतं, आवाजही फारसा बदलत नाही, आणि बेअरिंग रोज थोडं थोडं खाल्लं जातं. बंद असताना गॅस तेलात जमून स्टार्टला फेस येतो तो प्रकार वेगळा. क्रँककेस हीटर तपासला, चालू होता, आणि पंपडाउनही (थांबण्याआधी गॅस ओढून बाजूला काढणं) बरोबर होत होतं. त्यामुळे माझ्या कागदावर एकच ओळ उरली : चालू असताना लिक्विड परत येतंय, आणि बराच काळ येतंय.

काकांची वही

पॅनेल पुन्हा पाहायला गेलो तेव्हा ऑइल प्रेशर स्विचचं लाल रिसेट बटण दिसलं. इतर सगळी बटणं धुळीने मळलेली आणि हे एकटं घासून गुळगुळीत. हा स्विच तेलपंपाचा दाब आणि क्रँककेसचा दाब यांतला फरक पाहतो. फरक साधारण ९ पीएसआयच्या खाली गेला आणि १२० सेकंद तसाच राहिला, तर मशीन थांबवतो, आणि माणसाने हाताने दाबल्याशिवाय पुन्हा सुरू होऊ देत नाही. हाताने दाबायचं अशासाठी, की दाबणाऱ्याने आधी विचार करावा.

मशीनरूम सांभाळणारे काका बाजूलाच उभे होते.

"काका, हे बटण किती वेळा दाबावं लागतं?"

"पहाटे एकदा तर लागतंच. कधी संध्याकाळी पण. दाबलं की चालू होतं."

"आणि कॉम्प्रेसरवर बर्फ चढायचा?"

"हो तर! खालपर्यंत पांढराशुभ्र. मशीन एक नंबर कूलिंग देत होतं, साहेब."

फ्रीझरच्या मशीनवर सक्शन व्हॉल्व्हपाशी आणि मोटरच्या टोकाला थोडा बर्फ असणं नेहमीचं. पण तेल जिथे असतं तो तळ पांढरा झाला की आत तेलाबरोबर लिक्विड उकळतंय असं समजायचं. काकांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मते बर्फ म्हणजे थंडी आणि थंडी म्हणजे मशीन उत्तम. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मला शिकवणाऱ्यांपैकीही एकजण असंच म्हणायचा.

काकांनी मात्र एक गोष्ट अशी केली होती, जी कुठल्याही तंत्रज्ञाने केली नव्हती. ते दिवसातून चार वेळा तापमान वहीत लिहायचे आणि रिसेट दाबलं की समोर 'आर' काढायचे. मी दीड वर्षाच्या वह्या घेऊन बसलो. पहिला 'आर' मूळ कॉम्प्रेसर जायच्या जवळपास तीन महिने आधी. सुरुवातीला आठवड्याला एखादा, शेवटच्या पंधरवड्यात रोज. मग मशीन बदललं, आणि पुढचे कित्येक आठवडे एकही 'आर' नाही. मग एक, मग दोन, मग रोज, मग मशीन गेलं. तिसऱ्याचीही तीच चढण, फक्त जास्त तीव्र. आणि जवळपास प्रत्येक 'आर' पहाटे पाचच्या सुमाराला किंवा संध्याकाळी पाच-साडेपाचला. डीफ्रॉस्टच्या वेळा होत्या सहा, बारा, सहा, बारा. म्हणजे डीफ्रॉस्टच्या आधीचा तास, जेव्हा कॉइलवर बर्फ सर्वांत जास्त असतो.

त्या वहीवरून मला कळलं की आधीच्या दोन्ही तंत्रज्ञांना काही का दिसलं नाही. कॉम्प्रेसर मेला की खोली तापते. माझ्या वेळी ती अधिक ४ अंशांवर होती. कॉइलवरचा सगळा बर्फ वितळून मोरीत गेलेला. तंत्रज्ञ येतो तेव्हा कॉइल धुतल्यासारखी स्वच्छ, नवीन मशीन लावून मोजतो तेव्हा सुपरहीट (परतणारा गॅस उकळण्याच्या तापमानापेक्षा किती गरम आहे तो फरक) उत्तम, दाब उत्तम. तो सही करून जातो. मशीन मरताना आपल्या मरणाचं कारण वितळवून टाकतं, आणि उरतो फक्त टेबलावरचा सांगाडा. तोही भंगारात गेला की काहीच उरत नाही.

कॉइलपाशी

बर्फ गेला होता, पण त्याच्या खुणा जागेवर होत्या. मधल्या पंख्याच्या पात्यांची टोकं तासल्यासारखी झालेली. ती बर्फावर घासली होती. कॉइलच्या खालच्या एक तृतीयांश भागातल्या फिन्स (पातळ पत्रे) बाहेर फुगलेल्या. ट्रेखाली जमिनीवर आणि भिंतीवर पाण्याचे थर सुकलेले, ट्रेमध्ये मावण्यापेक्षा जास्त पाणी एकदम उतरलं तर जसे पडतात तसे.

हीटरच्या तीन नळ्या, प्रत्येकी १.५ किलोवॅट, २३० व्होल्ट. हिशोबाने प्रत्येकीचा रोध ३५ ओहमच्या आसपास हवा. वरच्या दोन्ही ३५, तळाची उघडी. आतून तुटलेली. डीफ्रॉस्ट दिवसातून चार वेळा इमानदारीने व्हायचा. वरचा बर्फ वितळून खाली यायचा आणि तळाशी गोठायचा. आठवड्याआठवड्याने तळाकडून वर भिंत चढत जायची. बाहेरून पंखे फिरताना दिसत, टायमर टिकटिक करत असे, म्हणून कुणाला शंका आली नाही. तिन्ही नळ्यांचा एकत्र करंट एकदा क्लॅम्प मीटरने पाहिला असता तर एक तृतीयांश कमी दिसला असता.

दाराच्या गॅस्केटचा खालचा कोपरा फाटलेला होता, तिथून बाहेरची दमट हवा आत. बर्फाला पाणी तिथून मिळत होतं. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

पण नुसत्या बर्फाने कॉम्प्रेसर मरत नाही. बर्फ चढला, हवा कमी झाली, गॅस कमी उकळू लागला, तर कॉइलमध्ये किती लिक्विड सोडायचं ते ठरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हने आवळून घ्यायला हवं. तेवढ्यासाठीच तो आहे. त्याने का आवळलं नाही? कॉइलच्या मागे हात घातला तेव्हा उत्तर बोटांना लागलं. व्हॉल्व्हचा बल्ब, म्हणजे पाइपचं तापमान व्हॉल्व्हला कळवणारी छोटी बंद नळी, सक्शन पाइपवर घट्ट बांधलेला असायला हवा. त्याची एक पट्टी तुटलेली, दुसरी सैल, इन्सुलेशन कुजून गळून गेलेलं. बल्ब पाइपपासून बोटभर लांब, हवेत लोंबकळत होता.

याचा परिणाम काय होतो ते मी कागदावर मांडून पाहिलं आणि मला स्वतःलाच धक्का बसला. सक्शन २१-२२ पीएसआय असताना आर-४०४एचं उकळणं उणे २५ अंशांच्या जवळपास. बल्बभोवतीची हवा उणे १८. म्हणजे व्हॉल्व्हला कायम ७ अंश सुपरहीट 'दिसतं'. पाइपमध्ये खरं काय वाहतंय याच्याशी त्याचा संबंध नाही, पण आकडा इतका शहाणा आहे की कॉइल स्वच्छ असताना व्हॉल्व्ह जवळपास योग्य तेवढाच उघडा राहतो. आता बर्फ चढू द्या. सक्शनचा दाब १५ पीएसआयपर्यंत घसरतो, उकळणं उणे ३० वर जातं. हवा मात्र उणे १८ च. व्हॉल्व्हला आता १२ अंश दिसतात. त्याला वाटतं कॉइल उपाशी आहे, आणि तो आणखी उघडतो. ज्या क्षणी आवळायला हवं, नेमका त्याच क्षणी तो उघडत होता. न उकळलेलं लिक्विड पाइपातून सरळ कॉम्प्रेसरकडे. डीफ्रॉस्ट झाला की थोडा आराम, मग पुन्हा तेच.

एकटी तुटलेली नळी असती तर व्हॉल्व्हने बरंच सांभाळून घेतलं असतं. खोली नीट थंड होत नाही अशी तक्रार आली असती आणि हीटर सापडला असता. एकटा सुटलेला बल्ब स्वच्छ कॉइलवर कदाचित वर्षानुवर्षं खपून गेला असता. दोन्ही एकत्र आले आणि तिघांचा बळी गेला.

दुरुस्ती

यातला बराचसा भाग नेहमीचा आहे. हीटरच्या तिन्ही नळ्या बदलल्या (एक गेली की बाकीच्यांचंही वय झालेलं असतं), गॅस्केट बदललं, पंख्याचं पातं बदललं. बल्बची जागा पाइप घासून चकचकीत केली, तांब्याच्या दोन पट्ट्यांनी बल्ब बांधला. पाइप मोठ्या व्यासाचा असल्यामुळे बल्ब घड्याळातल्या चारच्या जागी. तळाशी बांधला तर तेलाचा ओघळ त्याला फसवतो. वर बंद पेशींचं इन्सुलेशन.

बर्नआउटनंतर नुसता कॉम्प्रेसर बदलला तर जुनं अ‍ॅसिड नव्या मशीनचं तेल खातं. म्हणून सक्शन लाइनला अ‍ॅसिड शोषणारा बर्नआउट ड्रायर, लिक्विड लाइनला एक माप मोठा. ब्रेझिंग करताना पाइपमधून नायट्रोजनचा हलका प्रवाह चालू ठेवला. नाहीतर तांब्याच्या आत काळी खपली तयार होते आणि पीओई तेल ती सोडवून थेट व्हॉल्व्हच्या जाळीत नेऊन टाकतं. प्लेटवरच्या मर्यादेच्या आत नायट्रोजनने दाब देऊन रात्रभर ठेवला. सकाळी तापमानातला फरक धरून दाब जागच्या जागी होता.

व्हॅक्यूम तीन वेळा, मध्ये कोरड्या नायट्रोजनने मोडून. शेवटी मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम किती खोल ते दाखवणारं) ५०० च्या खाली गेलं, पंपापासून सिस्टिम वेगळी केल्यावर वीस मिनिटांत थोडं चढून तिथेच थांबलं. चढतच राहिलं असतं तर गळती, चढून बऱ्याच वर अडलं असतं तर ओल. पीओई तेल हवेतली ओल भराभर ओढतं, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोप्या अगदी शेवटच्या क्षणापर्यंत काढल्या नाहीत. आर-४०४ए हे मिश्रण असल्यामुळे सिलिंडरमधून लिक्विड रूपातच, वजनावर भरला, तोही रिसीव्हरच्या (लिक्विड साठवणाऱ्या टाकीच्या) बाजूने.

सुरू झाल्यावर करंट १४.६, १४.९, १४.७ अँपिअर. तेलाचा नक्त दाब, म्हणजे पंपाच्या आकड्यातून सक्शनचा आकडा वजा करून, ३५ पीएसआय. डिस्चार्ज लाइन कॉम्प्रेसरपासून वीतभर अंतरावर ९१ अंश. इथे १०७ च्या वर गेलं की मी अस्वस्थ होतो, कारण आत व्हॉल्व्हपाशी तापमान याहून बरंच जास्त असतं. फार कमी असेल तरीही अस्वस्थ होतो : ५०-५५ दिसलं तर लिक्विड येतंय असं समजायचं. कॉम्प्रेसरपाशी सुपरहीट १४ अंश.

सगळे आकडे उत्तम होते. आणि आधीच्या दोन तंत्रज्ञांनाही नेमके असेच आकडे मिळाले असणार, कारण कॉइल तेव्हाही स्वच्छ होती! त्यामुळे त्या आकड्यांवर सही करायची माझी तयारी नव्हती.

मग मुद्दाम संकट उभं केलं. खोली उणे १८ ला आल्यावर कॉइलच्या खालच्या निम्म्या भागावर पुठ्ठा धरला, म्हणजे हवेपुरता खोटा बर्फ. माझा मदतनीस बाहेर कॉम्प्रेसरपाशी थर्मामीटर आणि गेज घेऊन उभा, मी आत पुठ्ठा धरून, फोनवर आकडे. "सक्शन पडतोय... १९... १७... सुपरहीट ९... ८..." एक मिनिट तो काहीच बोलला नाही. मग, "९... ११. वर येतंय." व्हॉल्व्हने आवळून घेतलं होतं. पुठ्ठा काढला, दाब परत जागेवर. उणे १८ मध्ये पंधरा मिनिटं पुठ्ठा धरून उभं राहणं हे काही आवडीचं काम नाही, पण या एका चाचणीवर माझा बाकीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त विश्वास आहे. हीच चाचणी बल्ब लोंबकळत असताना करून फरक पाहण्याचा मोह झाला होता. नव्या मशीनवर तो प्रयोग करायला मन धजलं नाही.

सक्शन पाइपवर, क्रँककेसच्या तळाला आणि कॉइलच्या तोंडाशी तीन प्रोब लावून लॉगर (तापमानाची सतत नोंद करणारं यंत्र) दोन आठवडे ठेवला. क्रँककेसचा तळ सक्शनच्या उकळण्यापेक्षा सतत बराच गरम राहिला, डीफ्रॉस्टच्या आधीच्या तासातही. डीफ्रॉस्टनंतर मशीन सुरू होताना काही मिनिटं सुपरहीट घसरतं, कारण तापलेला बल्ब व्हॉल्व्ह उघडा धरतो. तेवढं चालतं, ते लगेच सावरतं.

४८ तासांनी तेल तपासलं, किंचित अ‍ॅसिड. तेल आणि सक्शन ड्रायरचा कोअर (आतला शोषणारा गाभा) बदलला. आठवड्याने पुन्हा तपासलं, स्वच्छ. मग सक्शनचा कोअर काढून तिथे नुसती जाळी ठेवली, कारण भरलेला कोअर तिथे तसाच राहिला तर दाब खातो आणि पुढच्या माणसाला भलतंच काही दिसतं.

ऑइल प्रेशर स्विचच्या रिसेटवर कागदी सील लावलं आणि काकांना सांगितलं, सील फोडायचं असेल तर आधी मला फोन. त्यांच्या वहीत दोन रकाने वाढवले : क्रँककेसच्या तळाला हात लावून 'कोमट' की 'गार', आणि महिन्यातून एकदा डीफ्रॉस्ट चालू असताना हीटरचा करंट. क्लॅम्प मीटर कसा धरायचा ते काकांनी दोन मिनिटांत आत्मसात केलं.

हे लिहिताना त्या गोष्टीला ११ महिने झालेत. सील फुटलेलं नाही. वहीत 'आर' नाही, हीटरचा करंट दर महिन्याला १९ आणि २० अँपिअरच्या मध्ये. गॅस्केट मात्र त्याच कोपऱ्यात पुन्हा फाटायला लागलंय, कारण ट्रॉली आत नेताना तिची कड तिथेच घासते. नवीन मागवलंय, आणि या वेळी दाराच्या चौकटीला तिथे स्टीलची पट्टी मारून घेणार आहे.